मातीशी पवित्र नातं खरंच जाणवतं का, की ते फक्त बोलायला असतं?

जाणवतं, आणि त्यासाठी हिमालय गाठायची गरज नाही. कोल्हापुरात असाल तर पहाटे एखाद्या जुन्या तालमीत जा. चपला बाहेर. हौद्यातली, म्हणजे कुस्तीच्या आखाड्यातली, तांबडी माती नुसती माती नसते. तिच्यात ताक, हळद, लिंबू, तेल घालून ती मुरवलेली असते. पोरं आधी मारुतीला हात जोडतात, मग मातीला हात लावून तो कपाळाला लावतात आणि मगच अंग टाकतात. शाहू महाराजांच्या काळात उभ्या राहिलेल्या खासबाग मैदानातही मल्ल आधी मातीच कपाळाला लावतो. कुणी शिकवणी घेत नाही, हात आपोआप खाली जातो. माझ्या मते या नात्याची जागृती म्हणतात ती हीच.

बेंदराला, म्हणजे बैलांच्या सणाला, आपण कुंभाराकडून मातीचे बैल आणून पुजतो, तेही याच धाग्यातलं.

आणि ९ ते ११ नोव्हेंबरला कोल्हापूरच्या अंबाबाईच्या देवळातला किरणोत्सव जरूर बघा. मावळतीचं ऊन आधी देवीच्या पायांवर येतं, मग वर चढत चेहऱ्यापर्यंत पोचतं. पश्चिमेच्या वाटेत धूर, ढग किंवा बांधकाम आलं की किरणं अडतात. मोकळं आकाश राखणं हीसुद्धा मला पूजाच वाटते.