साक्षरतेनंतरचा वर्ग

चिरंजीवास अनेक आशीर्वाद.

तुझे पत्र मिळाले. गोवा राज्य पूर्ण साक्षर म्हणून घोषित झाल्यानंतर वाळपईजवळच्या प्रौढांच्या संध्याकाळच्या वर्गाचे पुढे काय करावे, असे तू विचारले आहेस. माझे मत स्पष्ट आहे : वर्ग बंद करू नकोस.

३० मे २०२५ रोजी, घटक राज्य दिनी, झालेल्या त्या घोषणेचे मोल मी कमी लेखत नाही. २०११ च्या जनगणनेत गोव्याचे साक्षरतेचे प्रमाण ८८.७० टक्के होते, आणि राहिलेल्यांपर्यंत पोहोचणेच सर्वांत कठीण असते. कारण ती माणसे बहुधा वयस्क, दिवसभर राबणारी आणि ‘आता या वयात कशाला?’ म्हणून हसून विषय टाळणारी असतात. परंतु ‘उल्लास’ या केंद्र सरकारच्या प्रौढ साक्षरता कार्यक्रमातील परीक्षा वाचन, लेखन आणि संख्याज्ञान यांची, प्रत्येकी ५० गुणांची असते, आणि तिथे शिक्षणाची केवळ सुरुवात होते. नव्याने आलेली अक्षरे वापरात राहिली नाहीत तर आधी जोडाक्षरे अडतात, मग वाचनाचा कंटाळा येतो आणि शेवटी सहीपुरतीच साक्षरता शिल्लक राहते. या कार्यक्रमाच्या पाच घटकांत निरंतर शिक्षणाचाही समावेश आहे, तो याचसाठी.

आता शिकवण्याविषयी. प्रौढ व्यक्तीला पहिलीच्या मुलांचे पुस्तक देऊ नये, त्यात तिचा अवमान होतो. तुझ्या वर्गातील बहुतेक स्त्रियांना आरत्या आणि हरिपाठाचे अभंग तोंडपाठ असतील. ओठांवर असलेली ओळ डोळ्यांसमोर छापील ठेवली की कोणता शब्द कुठे आहे हे त्या स्वतःच शोधू लागतात, आणि अनोळखी मजकुराची भीती आपोआप कमी होते. त्यानंतर त्यांच्या गरजेचे कागद घे : बँकेचे पासबुक, गृहिणींना अर्थसाहाय्य देणाऱ्या गृह आधार योजनेचा अर्ज, औषधाच्या पाकिटावरील मुदत, जमीन कोणाच्या नावावर आहे ते दाखवणारा एक-चौदाचा उतारा. त्या उताऱ्यावर स्वतःचे किंवा नवऱ्याचे नाव आहे की नाही, हे ज्या दिवशी एखादी स्त्री स्वतः वाचून पाहील, त्या दिवसापासून तिला वर्गाला येण्याचा आग्रह करावा लागणार नाही. घरात कोकणी आणि कागदावर मराठी, हा आपल्याकडचा नित्याचा व्यवहार आहे. तेव्हा समजावताना खुशाल कोकणीत बोल. हजेरीच्या बाबतीतही थोडे सैल राहावे. काजूच्या हंगामात आणि चतुर्थीच्या आधी वर्ग रिकामा दिसला, तर त्याला उदासीनता समजू नये.

शिकण्याची ही निकड केवळ निरक्षरांची आहे, असे मात्र मानू नकोस. २०१२ मध्ये गोव्यातील लोहखनिजाच्या खाणी थांबल्या तेव्हा डिचोली, सांगे भागांतील कितीतरी ट्रकचालकांना आणि बार्जवरील कामगारांना, हातात कसब असूनही, भर उमेदीत नवे काम शोधावे लागले. तुझी पदवीही त्यांच्या कसबासारखीच उद्या अपुरी पडू शकते, हे तुला कदाचित आवडणार नाही. आपल्याच गोव्यातील सांकवाळचे, बौद्ध धर्माचे थोर अभ्यासक धर्मानंद कोसंबी १८९९ मध्ये, लग्न झालेले आणि घरची जबाबदारी असताना, विद्येसाठी घराबाहेर पडले. पुण्यात आणि काशीत संस्कृत, श्रीलंकेत पाली असे शिकत ते पुढे हार्वर्ड आणि लेनिनग्राड येथपर्यंत पोहोचले. त्यांच्या गृहत्यागाचे अनुकरण कोणी करावे असे मी म्हणणार नाही, कारण त्याची झळ घरच्यांनाही सोसावी लागली. पण तेविसाव्या वर्षी मुळाक्षरांपासून नवी विद्या सुरू करण्यात त्यांना कमीपणा वाटला नाही, एवढे तू अवश्य घ्यावेस. १८३२ मध्ये स्थापन झालेले मध्यवर्ती ग्रंथालय आज पणजीत पाटो येथे आहे. तिथे सदस्य हो आणि आपल्या विषयाबाहेरचे काहीतरी नेमाने वाच.

तुझ्या वर्गातील दोघींना दहावीला बसायचे आहे, असे तू लिहितोस. राष्ट्रीय मुक्त विद्यालयी शिक्षण संस्थेत त्यासाठी वयाची वरची मर्यादा नाही. एकदा नोंदणी केली की पाच वर्षे आणि नऊ संधी मिळतात, आणि एकेक विषय सवडीने पूर्ण करता येतो. पहिल्याच वेळी सगळे विषय देण्याची घाई त्यांना करू देऊ नकोस. जन्मतारखेच्या दाखल्यावरील आणि आधार कार्डावरील नावांत फरक असेल, तर तो अर्ज भरण्यापूर्वीच दुरुस्त करून घे. त्यांनी कोणते विषय निवडले, ते मला कळव.

तुझा शुभचिंतक