केरळचे फादर-सिस्टर गडचिरोली-चंद्रपूरच्या खेड्यांत आयुष्य का घालवतात? त्यांना पगार मिळतो का, आणि हे सगळं धर्मांतरासाठीच असतं का?

मी ब्रह्मपुरीकडचा, धानपट्ट्यातला. ख्रिस्ती नाही. माझ्या धाकट्या बहिणीला सिकलसेल हा रक्ताचा आनुवंशिक आजार आहे, त्यामुळे सिस्टरांच्या दवाखान्याशी आमच्या घराचा संबंध जुना आहे. त्यातून जे कळलं, ते लिहितो.

पगाराचं आधी. सिस्टर तीन व्रतं घेतात: दारिद्र्य, ब्रह्मचर्य आणि आज्ञापालन. अनुदानित शाळेत शिकवणाऱ्या सिस्टरला सरकारी पगार मिळाला, तरी तो तिच्या संघाकडे, म्हणजे ती ज्या सिस्टरांच्या संस्थेत आहे तिच्याकडे, जमा होतो. स्वतःच्या गरजेसाठी तिला संघाकडेच मागावं लागतं. एका बिशपच्या अखत्यारीतल्या भागाला धर्मप्रांत म्हणतात; त्या बिशपच्या हाताखालचे धर्मप्रांतीय फादर दारिद्र्याचं व्रत घेत नाहीत, पण लग्न न करण्याचं आणि बिशपची आज्ञा पाळण्याचं वचन देतात.

लोकांना नवल वाटतं ते लग्न न करण्याचं. मला विचाराल तर सगळ्यात जड आहे ते आज्ञापालन. आपण कुठं राहायचं, कोणतं काम करायचं, कोणासोबत एका छताखाली नांदायचं, हे ठरवायचा हक्कच सोडून द्यायचा. आमच्याकडे एक नर्स सिस्टर होत्या. मल्याळी बाई, पण बोलायच्या आमची झाडीबोली. कोणत्या घरात कोणाला सिकलसेल, कोणती सून माहेरी बाळंतपणाला गेली, हे त्यांना तोंडपाठ होतं. बहिणीला थंडीत हातपाय दुखायला लागले की त्या आईला बजावायच्या: लेकराला भरपूर पाणी पाजा, ऊबेत ठेवा, फॉलिक अ‍ॅसिडची गोळी एक दिवसही चुकवू नका, आणि ताप चढला किंवा छातीत दुखलं तर माझी वाट न पाहता मोठ्या दवाखान्यात न्या. शेवटचं वाक्य महत्त्वाचं. आपल्या छोट्या दवाखान्यात काय होऊ शकत नाही, हे त्या स्वतःहून सांगायच्या.

धानाच्या रोवणीच्या दिवसांत बांधीत, म्हणजे धानाच्या शेतात, साप चावण्याचे प्रकार होतात. लोक आधी मांत्रिकाकडे धावायचे. सिस्टर त्यावर कधी वाद घालत बसल्या नाहीत. एकदा तर मांत्रिकालाच जीपमध्ये बसवून घेतलं, म्हणाल्या तुमचे मंत्र वाटेत म्हणा. तो म्हणत राहिला आणि माणूस वेळेवर इंजेक्शनपर्यंत पोचला. माणसाला कमीपणा न देता त्याचा जीव वाचवणं मी त्यांच्याकडे पाहिलं.

मग बदलीचं पत्र आलं. इतक्या वर्षांत उभी केलेली ओळख, भाषा, माणसं, सगळं ठेवून त्या दुसऱ्या राज्यात गेल्या. आईनं विचारलं, "सिस्टर, नाही म्हणता येत नाही काय?" त्या म्हणाल्या, "काम माझं असतं तर म्हटलं असतं." समर्पण म्हणजे काय, ते मला तेव्हा कळलं. सेवा करणारे इतरही आहेत, आपल्या विदर्भात तर फार मोठी माणसं झाली. पण स्वतः उभं केलेलं काम दुसऱ्याच्या हाती देऊन, नाव मागे न ठेवता निघून जाणं मला फार कमी ठिकाणी दिसलं.

इतिहास थोडक्यात सांगतो. फ्रान्सिस डी सेल्स संघाचे मिशनरी आज फ्रान्समध्ये असलेल्या सॅव्हॉय प्रांतातून भारतात आले, नागपूरचा धर्मप्रांत 1887 साली झाला. चांदा (चंद्रपूरचं जुनं नाव) भागात केरळच्या सीएमआय (कार्मेलाइट्स ऑफ मेरी इमॅक्युलेट) या संघाचे फादर 1962 पासून आहेत. 1977 साली तिथं स्वतंत्र धर्मप्रांत झाला, त्याचं मुख्यालय बल्लारपूरला. सीएमआय संघ 1831 साली केरळातल्या मन्नानमला सुरू झाला. त्याच्या संस्थापकांपैकी फादर कुरियाकोस चावरा यांनी प्रत्येक चर्चला जोडून शाळा काढायला लावली होती, म्हणून हे लोक गेले तिथं शाळा दिसते. शहरातल्या भारी फीच्या कॉन्व्हेंटवरून मात्र खेड्यातल्या मिशनचा अंदाज करू नका. दोन्हींचं जगणं निराळं आहे.

आता धर्मांतर. ते श्रद्धेपोटीच येतात आणि ते लपवत नाहीत. भुकेल्याला, आजाऱ्याला जे दिलं ते ख्रिस्ताला दिलं, ही मत्तयच्या शुभवर्तमानातली शिकवण त्यांच्या कामाचं मूळ आहे. पण कोणावर श्रद्धेसाठी जबरदस्ती करू नये, आमिष दाखवू नये, हे खुद्द त्यांच्या चर्चनं जगभरच्या बिशपांच्या दुसऱ्या व्हॅटिकन परिषदेत 1965 साली लेखी बजावलं आहे. कोणी मनानं ख्रिस्ती झालं तर तो त्याचा हक्क. आमच्या घरावर इतकी वर्षं उपचार झाले, देव बदला असं कोणी म्हटलं नाही. बहिणीच्या उशाशी गणपतीचा फोटो होता, सिस्टर त्याच्याच बाजूला गोळ्या ठेवून जायच्या.

शंका असेल तर रविवार सोडून कधीही एखाद्या मिशनच्या दवाखान्यात सकाळी जाऊन बसा, रांगेतल्या बायांना विचारा. फक्त केरळच्याच सिस्टर भेटतील असं धरून जाऊ नका. तिकडची कुटुंबं लहान झाली, मुली कमी येतात. आता झारखंड, छत्तीसगड, ओडिशाच्या आदिवासी मुलीही या संघांत येत आहेत. सध्या आमच्याकडे असलेल्या सिस्टर उरांव आदिवासी आहेत, आणि मोहफूल कसं वाळवायचं हे त्यांना आमच्याकडून शिकावं लागलं नाही.