दादर टाळून पनवेल

प्रश्न : विरारहून पनवेलला जायचं तर दादरपर्यंत खाली उतरायचं आणि पुन्हा वर चढायचं. मुंबईची रचनाच अशी का?

उत्तर : पश्चिमेला समुद्र, पूर्वेला ठाण्याची खाडी. मधल्या चिंचोळ्या पट्ट्यात रूळ उभेच, म्हणजे उत्तर-दक्षिण, पडले. १८५३ची बोरीबंदर–ठाणे गाडीही तशीच धावली. पण आडवे रूळही आहेत हो, लोक विसरतात! वसई रोडला मेमू, म्हणजे जवळच्या पल्ल्याची विजेवरची गाडी, पकडा. कामण, खारबाव, भिवंडी रोड, कोपर करत ती दिव्याला जाते; काही गाड्या थेट पनवेलपर्यंत. मी तर शक्यतो हीच पकडतो. खारबावकडे खिडकीतून भातखाचरं दिसतात, आणि लोकलपेक्षा टेकायला जागा मिळायची आशा बरी. मात्र गाड्या मोजक्या. एक चुकली की फलाटावर ताटकळा. वेळापत्रक बघूनच घर सोडा. अटल सेतू, म्हणजे समुद्रावरचा गाड्यांचा रस्ता-पूल, तुमच्या कामाचा नाही, तो शिवडीहून निघतो.