टीईएफ दिसलं की आधी शेजारचे शब्द बघ

'टीईएफ' शोधलंस आणि फ्रेंच भाषेची परीक्षा समोर आली, म्हणून गोंधळू नकोस. तीही टीईएफच, आणि इंग्लंडमधल्या विद्यापीठांच्या अध्यापनाचं मूल्यमापनही टीईएफच. शेजारी डायॉक्सिन, फ्युरान, पीसीबी अशा विषारी रसायनांची नावं असतील, तर ते आपलं: विषारीपणाचा तुलनात्मक गुणांक.

यात २,३,७,८-टीसीडीडी या जहाल डायॉक्सिनला १ धरतात, बाकीचे त्याच्या तुलनेत. समज, नमुन्यात टीसीडीडी २ पिकोग्रॅम, पीसीबी-१२६ ३० आणि ओसीडीडी (आणखी एक डायॉक्सिन) १००० आहे. जागतिक आरोग्य संघटनेच्या २००५ च्या गुणांकांनी (१, ०.१, ०.०००३) गुणलं की येतात २, ३ आणि ०.३. बेरीज ५.३, हाच टीईक्यू, म्हणजे टीसीडीडीच्या हिशोबात नमुन्याचा एकूण विषारीपणा. हजारवाला कसा कोपऱ्यात गेला बघ! मी सुरुवातीला नुसत्या वजनांचीच बेरीज करून बसलो होतो.

गुणांक कोणत्या वर्षाचे, ते मात्र दरवेळी लिही. १९९८ च्या यादीत ओसीडीडीला ०.०००१ होता, म्हणजे २००५ च्या यादीने त्याचा वाटा थेट तिप्पट झाला. आणि शिसं, पारा यांना हे गणित लावायला जाऊ नकोस. पेशीतल्या एएच रिसेप्टर नावाच्या प्रथिनाला चिकटून जी रसायनं अपाय करतात, त्यांच्यासाठीच ही यादी आहे.