वाचकांचे प्रश्न : चित्राशेजारी लोकांच्या चिठ्ठ्या लावाव्यात का?

प्रश्न : आमच्या वाचनालयाच्या सभागृहात दिवाळीनंतर पाच स्थानिक चित्रकारांचं प्रदर्शन भरवतोय. दोघांची कामं पूर्ण अमूर्त आहेत. बघायला आलेल्यांनी लिहिलेल्या चिठ्ठ्या त्या त्या चित्राशेजारी लावाव्यात, असं मी सुचवलं. त्यावर एक ज्येष्ठ चित्रकार खवळले. "ज्यांना काही कळत नाही त्यांची मतं माझ्या चित्राशेजारी कशाला?" म्हणाले. काय करावं?
– एक कार्यकर्ता, मिरज

उत्तर : लावा. पण त्या चित्रकारांचा राग अगदीच अस्थानी नाही. चित्रकलेची शिक्षिका असताना शाळेच्या प्रदर्शनाची अभिप्राय-वही माझ्याच ताब्यात असायची. 'प्रदर्शन अत्यंत स्तुत्य. आयोजकांचे हार्दिक अभिनंदन.' खाली सही, हुद्दा, फोन नंबर. वरच्याने असं लिहिलं की पानभर सगळे तेच उतरवत. काही पाहुणे तर आधी वही भरायचे आणि मग चित्रांकडे वळायचे, वेळ उरला तर. असला मजकूर माझ्या चित्राशेजारी लागला असता तर मीही खवळले असते. पण यात लोकांचा दोष नाही. वही पुढे सरकवली की माणूस सत्कार समारंभात बोलतो तसंच लिहिणार.

नीट विचारलं तर काय होतं, ते बघा. अमेरिकेतल्या बाल्टिमोर म्युझियम ऑफ आर्टने 2022 मध्ये 'गार्डिंग द आर्ट' नावाचं प्रदर्शन केलं. 27 मार्च ते 10 जुलै. त्यातली कामं निवडली होती संग्रहालयाच्याच 17 सुरक्षारक्षकांनी. दिवसभर त्या दालनांत उभं राहायचं, 'हात लावू नका' म्हणायचं, स्वच्छतागृह कुठे ते सांगायचं, अशी ही नोकरी. पण एकेका चित्रासमोर ते जितका वेळ उभे राहिले असतील, तितका एखाद्या समीक्षकालाही मिळत नसेल. निवडीबरोबरच मांडणीत आणि भिंतीवरचा मजकूर लिहिण्यातही ते होते, आणि या जादा कामाचे त्यांना पैसे मिळाले. (हे आपल्याकडच्या मंडळांनी दोनदा वाचावं.) सोबतीला लाउरी स्टोक्स सिम्स या जाणत्या कलाइतिहासकार होत्या.

पाश्चात्त्य शास्त्रीय गायन शिकणाऱ्या एका रक्षकाने हेल वुड्रफ या अमेरिकन चित्रकाराचं फ्रान्समधल्या नॉर्मंडीचं निसर्गचित्र घेतलं. हे चित्र गायलं तर कसं ऐकू येईल, असा त्याचा विचार. प्रदर्शनात मार्क रॉथको या नामवंत अमूर्त चित्रकाराचं चित्र होतं, तशी जेरेमी ऑल्डन यांची 'फिफ्टी डझन' ही पेन्सिलींची खुर्चीही होती. शिक्का बसलेल्या तज्ज्ञाने या गोष्टी शेजारी मांडल्या असत्या का, मला शंका आहे. अर्थात त्या रक्षकांत स्वतः चित्र काढणारे, लिहिणारे, गाणारेही होते. त्यांना 'अडाणी प्रेक्षक' म्हणून मिरवणं लबाडीचं ठरेल. पण तुमच्या गावातले लोक तरी अडाणी आहेत असं कुणी ठरवलं?

तुम्ही मिरजेचे! सतारमेकर गल्लीतल्या एखाद्या कारागिराला उद्घाटनाआधी बोलवा. सतार-तंबोऱ्याचा भोपळा पारखण्यात, लाखेचं पॉलिश चढवण्यात ज्याचा जन्म गेला, त्याला अमूर्त चित्राचा पृष्ठभाग दाखवा. रंगाचा थर कुठे घासलाय, कुठे घाई झालीय, हे त्याला तुमच्या-माझ्याआधी दिसेल. त्याची चिठ्ठी त्या ज्येष्ठांना वाचू द्या, मग त्यांचं मत विचारा.

त्यांना चित्रकार सुधीर पटवर्धनांचीही आठवण करून द्या. ठाण्यात क्ष-किरणतज्ज्ञ म्हणून दवाखाना चालवत त्यांनी गिरणगाव, लोकल, इराणी हॉटेल रंगवलं. समकालीन भारतीय चित्रांचं फिरतं प्रदर्शन घेऊन ते महाराष्ट्रातल्या मुंबईबाहेरच्या शहरांतही गेले. लोकांना कळत नाही असं मानणारा माणूस एवढी यातायात करत नाही.

आता कामाचं. 'आपला अभिप्राय' असं कुठेही छापू नका. कार्डावर एकच प्रश्न ठेवा : 'या चित्रात नजर आधी कुठे गेली?' किंवा 'हे घरी लावाल का? लावणार नसाल तर का नाही?' दुसऱ्या प्रश्नाला लोक फार खरं उत्तर देतात. नाव ऐच्छिक, हुद्दा नको. शुद्धलेखन सुधारू नका. शिवीगाळ तेवढी बाजूला काढा, नावड मात्र राहू द्या. चित्रकाराला उलट चिठ्ठी लिहायची मुभा ठेवा. ज्येष्ठांचा राग बहुधा तिथेच उतरेल, कारण बहुतेक चित्रकारांना बोलायचं असतं आणि कुणी विचारत नाही.

चिठ्ठ्या चित्राला खेटून लावू नका. आधी चित्र दिसलं पाहिजे, दोन पावलं पुढे गेल्यावर चिठ्ठ्या. त्यासाठी वेगळा सॉफ्टबोर्ड आणा. सेलोटेपने भिंतीचा रंग निघतो, आणि मग पुढच्या वर्षी समिती तुम्हाला सभागृह देणार नाही.