लाम्प्साके : जिच्या नावाचे नगर झाले

प्रश्न : संमती कट्ट्यावरील अक्षता सोहळ्यात सिद्धरामेश्वरांच्या योगदंडाशी कुंभारकन्येचा विवाह आम्ही दरवर्षी पाहतो. ग्रीक नगरांच्या स्थापनाकथांतही अशी पूजनीय कन्या आढळते का?
— एक वाचक, सोलापूर

उत्तर : आढळते, मात्र ती कथा विवाहाची नसून, कठोर शब्द वापरायचा तर, फितुरीची आहे. आजच्या तुर्कस्तानात, दार्दानेल्स सामुद्रधुनीकाठी पित्योएस्सा नावाची वस्ती होती. तेथील बेब्रिक लोकांचा राजा मांड्रोन याने फोकेयाहून आलेल्या ग्रीकांना जमीन दिली. पुढे त्यांची भरभराट डोळ्यांत खुपू लागली, तेव्हा राजा बाहेर असताना बेब्रिकांनी त्यांना संपवण्याचा बेत रचला. राजकन्या लाम्प्साके हिने आधी स्वकीयांनाच परावृत्त करून पाहिले, हे ही कथा सांगणारा प्राचीन ग्रीक लेखक प्लुटार्क आवर्जून नोंदवतो. ते ऐकेनात, म्हणून तिने ग्रीकांना गुपचूप सावध केले. ग्रीकांनी यज्ञाच्या मेजवानीचे निमित्त करून बेब्रिकांना गावाबाहेर बोलावले, एका गटाने तट ताब्यात घेतला आणि दुसऱ्याने पाहुण्यांची कत्तल केली.

लाम्प्साके पुढे आजारपणात वारली. तिला नगरातच थाटाने पुरून ग्रीकांनी नगराला लाम्प्साकोस हे नाव दिले. आजचे लापसेकी ते हेच. ग्रीकांच्या लेखी वीरांगना म्हणजे तलवार चालवणारीच नव्हे, तर मृत्यूनंतर जिला पूजेचा मान मिळे अशी स्त्री. लाम्प्साकेला प्रथम तो मान मिळाला आणि नंतर देवीचा. मांड्रोनला मात्र ग्रीकांनी देऊ केलेला राज्यातील वाटा नको होता. मारल्या गेलेल्यांची बायकामुले आपल्याकडे पाठवावीत, एवढेच त्याने मागितले.