वाचकांचे प्रश्न: ११ महिन्यांचं घर आणि कायमचं घर

प्रश्न: सलाम. मी पुण्यात नोकरी करते, वय ३९, लग्न झालेलं नाही. नऊ वर्षांत हे सहावं घर. अ‍ॅग्रीमेंट संपत आलं की पोटात गोळा येतो, मालक भाडं वाढवणार की घर खाली करा म्हणणार. आई गेल्यावर गावाकडचं घर भावांनी विकायला काढलं, मी सही केली, हिस्सा मिळाला, पण आता नाताळला जायचं कुठे हेच राहिलं नाही. परवा उपासनेत पाळकसाहेब म्हणाले की देवाची समक्षता हेच आपलं खरं घर. सगळे आमेन म्हणाले, मी पण म्हणाले. आणि घरी येऊन खोकी बांधताना खूप रडले. खरं सांगा, या वाक्याला काही अर्थ आहे का, की ज्याला घर नाही त्याची समजूत काढायची ही पद्धत आहे?
— एक बहीण, पुणे

उत्तर: ताई, सप्रेम सलाम. स्वतःचा टू बीएचके असलेल्या माणसाने हे वाक्य म्हटलं की टोचतंच, त्यात तुमचं काही चुकलं नाही. आणि रडलात म्हणून विश्वास कमी आहे असं तर अजिबात समजू नका, खुद्द येशूने म्हटलंय की कोल्ह्यांना बिळं आहेत, पाखरांना घरटी आहेत पण मला डोकं टेकायला जागा नाही.

पण हे वाक्य मुळात कुणाचं आहे ते बघा. बायबलमधलं स्तोत्र ९० काढा, वर लिहिलंय मोशेची प्रार्थना, आणि पहिलीच ओळ अशी की प्रभू, पिढ्यानपिढ्या तूच आमचं निवासस्थान आहेस. आता या मोशेकडे, इस्राएल लोकांना मिसरच्या गुलामीतून बाहेर काढणाऱ्याकडे, घर कुठलं होतं? तीन महिन्यांचा असताना लव्हाळ्याच्या पेटाऱ्यात घालून नदीकाठी ठेवला, वाढला परक्याच्या राजवाड्यात, तिथून पळाला मिद्यानात, तिथे मुलगा झाला तर त्याचं नाव ठेवलं गेर्षोम, का तर मी परक्या देशात उपरा झालोय म्हणून. नंतर ४० वर्षं रानात तंबू, म्हणजे विंचवाचं बिऱ्हाड पाठीवर. आणि वचनाचा देश शेवटी नबो डोंगरावरून नुसता बघितला, पाय ठेवायला मिळालाच नाही. ही प्रार्थना त्या माणसाच्या तोंडची आहे ताई. समजूत काढणाऱ्याची नाही, ज्याची बिऱ्हाडं मोडली त्याची.

पेटाऱ्यावरून मला नेहमी आपल्या पंडिता रमाबाई आठवतात. जन्म १८५८, गंगामूळच्या रानातल्या आश्रमात, आणि सहा महिन्यांच्या असतील तेव्हाच वडिलांनी ते घर सोडलं आणि बाळाला वेताच्या पेटाऱ्यात घालून डोंगर उतरवला. तिथून पुढे सगळं बालपण या तीर्थाहून त्या तीर्थाला, पायी. दुष्काळात आईवडील गेले, बहीण गेली, मग भाऊ, मग १८८२ ला नवरा. १८८३ मध्ये इंग्लंडात बाप्तिस्मा घेतला, पण नंतर त्यांनी स्वतःच लिहून ठेवलंय की धर्म सापडला होता, ख्रिस्त अजून सापडला नव्हता. त्यात काही वर्षं गेली. म्हणजे एवढी मोठी बाई, तिलासुद्धा बाप्तिस्म्याच्या दुसऱ्या दिवशी घरी पोचल्यासारखं वाटलं नाही, मग आपण रविवारच्या एका आमेनवर का एवढी आशा धरावी? पुढे याच बाईने केडगावला मुक्ती सदन उभं केलं आणि दुष्काळातल्या शेकडो मुलींना, विधवांना तिथे घर मिळालं. १९२१ मध्ये मुलगी मनोरमा गेली आणि १९२२ च्या एप्रिलमध्ये त्या स्वतः, आणि शेवटपर्यंत हातात काम काय तर साध्या बायकांना कळेल अशा मराठीत बायबलचं भाषांतर.

आता मूळ मुद्दा. योहानाच्या शुभवर्तमानाचा १४ वा अध्याय आपण बहुतेक मयतीला वाचतो, माझ्या पित्याच्या घरात राहण्याच्या जागा पुष्कळ आहेत, त्यामुळे आपल्या डोक्यात पक्कं बसलंय की देवाचं घर म्हणजे मेल्यानंतर मिळणारा फ्लॅट, आत्ता फक्त बुकिंग. पण त्याच अध्यायात खाली २३ व्या वचनापर्यंत या. तिथे येशू म्हणतो की जो माझ्यावर प्रीती करतो आणि माझं वचन पाळतो त्याच्याकडे मी आणि पिता येऊ आणि त्याच्याबरोबर वस्ती करू. ग्रीकमध्ये वरच्या 'जागा' आणि खालची 'वस्ती' हा एकच शब्द आहे, मोनी, आणि अख्ख्या नव्या करारात तो या दोनच ठिकाणी येतो. म्हणजे आपण त्याच्या घरी जाणार हे खरंच, पण त्याआधी तो आपल्या बिऱ्हाडात येतो. मराठीत वस्ती म्हटलं की आपल्याला वस्तीची एसटी आठवते, रात्री येते, पहाटे निघून जाते. ही वस्ती तशी नाही. लगेच पुढच्या अध्यायात 'माझ्यामध्ये राहा' म्हटलंय तोही त्याच मुळाचा शब्द, आणि तिथे दाखला द्राक्षवेलाचा, फांदी काही वेलाला रविवारी भेटून येत नाही.

मी पाळकाची बायको. दर चार-पाच वर्षांनी बदली, सात पाळकबंगले झाले, त्यातला एकही आमचा नाही. प्रत्येक गावात पहिल्या रात्री तेच, बल्ब नाही, नळाला पाणी नाही, भिंतीवर पाल. वळकटीवर बसून मिस्टर एक गीत म्हणायचे, सूर यथातथाच, मुलं पेंगलेली, मग स्टोव्ह पेटायचा आणि चहा. तेव्हा वाटायचं ही नुसती सवय आहे. रिटायर झालो, शेवटच्या बंगल्याची चावी दिली आणि दोन खोल्या भाड्याने घेतल्या त्या रात्री मी बाथरूममध्ये जाऊन तोंडात पदर धरून रडले. बाहेर आले तर हे वळकटीवर बसून तेच गीत म्हणत होते. रडू काही लगेच थांबलं नाही, खोटं कशाला सांगू, पण सात गावांत आमच्याआधी जो येऊन बसायचा तो याही खोलीत येऊन बसलाय एवढं मला कळलं. भिंती बदलल्या तरी तो बदलला नाही, मी त्याला घर म्हणते ते एवढ्यावरच.

तेव्हा नव्या घरी गेलात की खोकी उघडायच्या आधी दहा मिनिटं जमिनीवर बसा आणि जे असेल ते बोला, तक्रार असेल तर तक्रार. मोशेच्या त्या स्तोत्रातही तक्रार भरपूर आहे. आणि हो, घर शोधणं थांबवू नका, हिश्श्याचे पैसे नीट ठेवा, लोन मिळतंय का बघा, देव निवासस्थान आहे म्हणून डिपॉझिट माफ होत नाही.

आणखी एक, हे तुमच्यासाठी नाही, बाकीच्या वाचकांसाठी. त्या दिवशी आमेन म्हणणाऱ्यांपैकी किती जणांनी या बहिणीला नाताळच्या जेवणाला या म्हटलंय? पहिली मंडळी घरोघरी भाकर मोडत होती, बायबलमध्ये प्रेषितांच्या कृत्यांच्या दुसऱ्या अध्यायातच आहे.

प्रश्न: १४ वर्षं चर्चला गेलो नाही. धंद्यात खोट, दारू, सगळं झालं. आता यावंसं वाटतं पण लोक काय म्हणतील?
— एक वाचक, सोलापूर

उत्तर: दादा, लोक बोलणारच, दोन रविवार बोलतील. लूक १५ मधला धाकटा मुलगा, बापाचा पैसा उधळून घरी परतलेला, भाषण पाठ करून आला होता, त्यातलं शेवटचं वाक्य, मला मजूर म्हणून ठेवा, ते बापाने त्याला म्हणूच दिलं नाही, आधीच अंगरखा मागवला. आणि थोरला भाऊ बघा, सगळी वर्षं घरातच होता, तरी गोष्ट संपते तेव्हा दाराबाहेर तोच उभा आहे. तुमच्याकडे बघून कुणी नाक मुरडलं तर तो थोरला आहे असं समजा आणि त्यालाही आत बोलवा. दारूचं मात्र एकट्याने अंगावर घेऊ नका, डॉक्टरांना दाखवा आणि पाळकांनाही सांगा.

प्रश्न: भाड्याच्या घरात गृहप्रार्थना ठेवावी का? ११ महिन्यांसाठी पाळकांना बोलवायचं बरं वाटत नाही.
— एक जोडपं, ठाणे

उत्तर: बोलवा की. स्तोत्र ८४ वाचायला सांगा, त्यात चिमणीने देवाच्या वेदीपाशी घरटं केलंय, तिने कुठे अ‍ॅग्रीमेंट केलं होतं. शेजारपाजारच्यांनाही सांगा. खुर्च्या कमी पडल्या तर चटया घाला, चहाबरोबर केक नसला तरी चालतो, खारी ठेवा.